नुसत्या धावण्यानं दारू सुटत नाही

महोदय,

दारू सोडून मॅरेथॉन धावू लागलेल्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय धावपटूवरचा रविवार पुरवणीतला लेख आवडला. मथळा मात्र खटकला: ‘धावा, दारू सुटेल’. मी नऊ वर्षं दारूला शिवलेलो नाही, आणि त्यातली आठ वर्षं साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट धावत चढतोय. त्याआधी मीही असंच समजून बूट घेतले होते. सकाळी सहा किलोमीटर पळायचो आणि संध्याकाळी ‘आज कमावलीय’ म्हणत बसायचो.

फरक पडला तो व्यसनमुक्ती केंद्रात ओळख झालेल्या एका मित्रामुळं. तो पहाटे पाचला पोवई नाक्यावर उभा असायचा. मला पाच मिनिटं उशीर झाला की घरी फोन, “वहिनी, उठलाय का?” भेटला की माझा मफलर नीट करायच्या निमित्तानं तोंडाचा वास घ्यायचा. मला ते कळायचं, आणि मला कळतंय हे त्यालाही कळायचं. कुणी काही बोलायचं नाही, पळायला लागायचो.

आपल्या लेखात त्या धावपटूचा आहार आला, बूट आले, वेळा तर सेकंदासकट आल्या. तो ज्यांच्याबरोबर धावतो त्यांच्यावर जेमतेम दोन ओळी. खरी गोष्ट तिथंच होती.

लॉस एंजेलिसमध्ये स्किड रो म्हणून बेघरांच्या तंबूंचा भाग आहे. तिथं २०१२ पासून पहाटे धावणारा एक गट आहे, आणि तो सुरू केला क्रेग मिचेल या न्यायाधीशानं. त्यांनीच तुरुंगात धाडलेला एक माणूस सुटल्यावर ‘मिडनाइट मिशन’ या निवाऱ्यात राहत होता. त्यानं त्यांना तिथं बोलावलं. शिक्षा भोगून आलेले, नशेतून उठू पाहणारे आणि शिक्षा सुनावणारा, सगळे एकाच रस्त्यानं पळतात. नशेपासून लांब राहून नेमानं येणाऱ्यांना परदेशातल्या मॅरेथॉनलाही नेतात. घाना आणि रोमला हा गट जाऊन आलाय. लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, कृष्णवर्णीय शंभरात आठ-नऊ, बेघरांमध्ये मात्र जवळजवळ एक तृतीयांश.

याला कारणं पुष्कळ, पण त्यातलं एक कायद्याच्या पुस्तकातच सापडतं. १९८६ च्या अमेरिकी कायद्यानं ५ ग्रॅम क्रॅक, म्हणजे कोकेनचेच ओढायचे खडे, बाळगून विकणाऱ्याला किमान पाच वर्षं तुरुंग ठेवला. तेवढ्याच शिक्षेला पावडर कोकेन लागायचं ५०० ग्रॅम. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झाली ती बहुतेक कृष्णवर्णीयांना. २०१० मध्ये हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आणलं, बरोबरीवर नाहीच. त्याच १९८६ साली आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं होतं, व्यसन हा आजार आहे असं सांगत.

आणि समजा, असा तुरुंगातून सुटलेल्या एखाद्या कृष्णवर्णीयानं नशा सोडली, बूट घातले. पळायचं कुठं? मी यवतेश्वराच्या अंधारात पळतो तेव्हा कुत्री सोडली तर माझ्यामागं कुणी लागत नाही. २३ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ब्रन्सविकजवळ अहमॉड आर्बरी हा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण भर दुपारी धावत होता. चोर समजून गोऱ्या बापलेकांनी गाडी घालून त्याचा पाठलाग केला आणि मुलानं गोळी घातली. चित्रफीत बाहेर येईपर्यंत दोन महिन्यांहून जास्त काळ अटकसुद्धा झाली नव्हती. अशा ठिकाणी चौघांनी मिळून पळणं ही हौस राहत नाही.

ही सोबत तिथं जुनी आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९३६ मध्ये कृष्णवर्णीयांनी धावपटूंचा ‘पायोनियर क्लब’ काढला आणि पुढं तो सगळ्यांना खुला केला. त्यातलेच टेड कॉर्बिट, गुलामांचे नातू, पेशानं फिजिओथेरपिस्ट. १९५२ ला हेलसिंकीत ऑलिंपिक मॅरेथॉन धावले आणि १९५८ मध्ये न्यूयॉर्क रोड रनर्स या धावपटूंच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. कॉर्बिट यांचा दारूशी काही संबंध नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: शर्यतीचं अंतर सायकलच्या चाकानं अचूक मोजायची पद्धत अमेरिकेत रुजवली ती त्यांनीच. आपल्याकडे ‘१० किलोमीटर’ म्हणून साडेनऊ पळवणाऱ्या आयोजकांनी हे जरूर वाचावं.

एक विनंती. असा लेख पुन्हा छापाल तेव्हा त्याखाली जवळच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, सभेचा वार, वेळ आणि पत्ता चौकटीत द्या. लेख वाचून त्याच दिवशी बूट घेणारे निघतील. त्यांत दारू एकदम सोडल्यानं हात थरथरणारेही असतील. त्यांनी आधी डॉक्टरकडं जायचं असतं, घाटात नाही. हेही त्याच चौकटीत यावं.

पत्राखाली माझं नाव छापू नये. मला स्वतःला लाज नाही, पण मुलीच्या स्थळाचं बोलणं चालू आहे.

आपला नियमित वाचक,
सातारा