आधी कट, मग कॅरेट

महोदय,

साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी पहिल्यांदाच घ्यायला निघालेली बहुतेक मंडळी दुकानात एकच प्रश्न घेऊन शिरतात : 'आमच्या पैशांत किती कॅरेटचा हिरा बसेल?' नुकसानीला सुरुवात इथेच होते. कॅरेटचा आकडा आधी ठरला की बाकी सगळे त्या आकड्यात कोंबावे लागते आणि काटछाट होते ती नेमकी कटमध्ये, म्हणजे पैलूंच्या घडणीत. हिरा चमकतो तो कटमुळे. कट, रंग, शुद्धता आणि वजन हे चार निकष लेखांत आणि जाहिरातींत एका ओळीत, एकाच मापाचे असल्यासारखे मांडले जातात. ते तसे नाहीत, हे नव्या ग्राहकाला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे, म्हणून हे पत्र.

गोल ब्रिलियंट, म्हणजे नेहमीच्या गोल घडणीच्या, हिऱ्याला ५७ पैलू असतात. खालचे टोक सपाट घासले असेल तर ५८. वरून शिरलेला प्रकाश खालच्या निमुळत्या भागावर, म्हणजे पॅव्हेलियनवर, आपटून पुन्हा वरूनच बाहेर यायला हवा. त्यासाठी पॅव्हेलियनचा कोन ४०.६ ते ४१ अंशांच्या आसपास, वरच्या उताराचा ३४ ते ३५ अंश, एकूण खोली व्यासाच्या ५९ ते ६२.५ टक्के आणि वरचा सपाट पैलू, म्हणजे टेबल, ५३ ते ५८ टक्के असलेला बरा. पॅव्हेलियन उथळ झाले तर टेबलाच्या आत पांढुरके वलय दिसते, माशाच्या डोळ्यासारखे. फार खोल झाले तर हिऱ्याचा मधला भाग काळवंडतो. हे दोन्ही दोष भिंगाशिवाय दिसतात. हिरा डोळ्यांसमोर सरळ धरून टेबलातून आत पाहायचे, इतकेच.

मग कारागीर असा हिरा घडवतो तरी का? कच्च्या दगडाचे वजन वाचवण्यासाठी. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. चांगल्या कटच्या एक कॅरेट गोल हिऱ्याचा व्यास साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर भरतो. प्रमाणपत्रावर वजन एक कॅरेट आणि व्यास मात्र ६.१ असेल, तर उरलेले वजन पोटात किंवा जाड कंबरपट्ट्यात, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात त्या कडेत, दडले आहे. त्याचे पैसे तुम्ही मोजणार, पण बोटावर ते दिसणार नाही. त्यातच अर्धा, एक, दीड, दोन अशा पूर्ण आकड्यांवर दर कॅरेटमागचा भाव एकदम उडी मारतो. ०.९० कॅरेटचा नीट घडवलेला हिरा ६.२ मिलिमीटरच्या आसपास असतो. एक कॅरेटच्या हिऱ्याशी त्याचा फरक पाव मिलिमीटरचा. अंगठी घातल्यावर तो कोणालाही ओळखू येत नाही. म्हणून वजन विचारण्याआधी मिलिमीटर विचारा.

प्रमाणपत्रावरच्या 'एक्सलंट' या शब्दापाशीही थोडे थांबावे. प्रमाणपत्रावर कट, पॉलिश आणि सिमेट्री अशा तीन वेगळ्या श्रेणी असतात. शेवटच्या दोन उत्तम असल्या म्हणून कट उत्तम ठरत नाही. जीआयए ही हिऱ्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था २००६ पासून कटची श्रेणी देते, पण फक्त गोल ब्रिलियंट हिऱ्यांना. ओव्हल, पेअर, मार्कीज यांच्या कागदावर ती नसतेच, तिथे डोळाच कामाला लावावा लागतो. या लांबट आकारांत मधोमध बो-टायसारखी काळी पट्टी दिसते. हिरा डावीकडे-उजवीकडे कलवून पाहा. पट्टी विरत नसेल तर तो हिरा सोडून द्यावा, भाव कितीही चांगला मिळत असो.

रंग आणि शुद्धता यांवर गरजेपेक्षा जास्त खर्च होतो. शुद्धतेची श्रेणी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरते, हातभर अंतरावरून नाही. व्हीएस-२ (फारच थोडे डाग) आणि बरेचसे एसआय-१ (थोडे डाग) हिरे नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसतात. श्रेणीपेक्षा डाग कुठे आहे ते महत्त्वाचे : टेबलाखाली मधोमध काळा कण असेल तर खुपतो, कडेला असेल तर कोंदणात झाकला जातो. कंबरपट्ट्यापर्यंत पोचलेली चीर मात्र नकोच. हिरा सगळ्यांत कठीण असला तरी ठरावीक दिशांनी तो फुटतो आणि जडवताना नेमका कडेवर दाब येतो. एमराल्ड कटचे, म्हणजे पायऱ्यांसारख्या घडणीच्या चौकोनी हिऱ्याचे, पैलू मोठे, खिडकीसारखे, त्यामुळे त्यात सगळे उघडे पडते. तिथे शुद्धता एखादी पायरी वरची घ्यावी. रंगाची मोजपट्टी डी (रंगहीन) ते झेड (पिवळसर). प्लॅटिनममध्ये किंवा पांढऱ्या सोन्यात जी-एच पांढरेच दिसतात आणि पिवळ्या सोन्यात 'जे' श्रेणीचा रंगही शोभतो.

दुकानातल्या झोतदिव्यांखाली सुमार हिराही लखलखतो. खिडकीपाशी जा, सावलीत धरा, साध्या पांढऱ्या दिव्याखाली न्या. प्रमाणपत्रावर फ्लुओरेसन्स, म्हणजे अतिनील किरणांत हिऱ्याचे उजळणे, 'स्ट्राँग' लिहिले असेल तर उन्हात हिरा दुधाळ दिसत नाही ना, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

हिरा शक्यतो सुटा असतानाच पसंत करावा. कोंदणात बसल्यावर वजन मोजता येत नाही, रंग आणि शुद्धताही अंदाजानेच सांगावी लागते. प्रमाणपत्राचा क्रमांक बहुधा कंबरपट्ट्यावर लेझरने कोरलेला असतो. तो वाचायला दहापटीचे भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरा आणि हिरा भिंगापासून इंचभर अंतरावर आणून हळूहळू फिरवा. करडी, अतिबारीक अक्षरे दिसू लागतात. तोच क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून वजन आणि मापे जुळवा. अंगठी तयार झाल्यावर पुन्हा एकदा वाचा. कारागिराला आधी सांगून ठेवले तर तो क्रमांकावर पंजा, म्हणजे हिरा धरून ठेवणारे कोंदणाचे नख, येऊ देत नाही. दुकानाने स्वतःच छापलेले प्रमाणपत्र हे स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र नव्हे. 'एकूण कॅरेट' असे लिहिले असेल तर मधला हिरा किती आणि बाजूचे बारीक हिरे किती, हे वेगवेगळे लिहून मागा.

प्रयोगशाळेत एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णता) किंवा सीव्हीडी (वायूतून थर साचवणे) पद्धतीने वाढवलेला हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच असतो. तो घेण्यात काहीच गैर नाही, नैसर्गिक म्हणून गळ्यात मारला जाण्यात आहे. उष्णता तपासणाऱ्या पेनने हा फरक कळत नाही; मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच दगडसुद्धा त्या पेनला फसवतो. खात्री प्रयोगशाळेच्या उपकरणांनीच होते. अशा हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत, तेव्हा पुढे तो विकून मोठी रक्कम हाती येईल हे गृहीत धरू नये. चीर काचेने भरलेला हिरा मात्र घेऊच नका. अंगठी पुढे कधी दुरुस्तीला गेली तर सोनाराच्या ज्योतीने ते भरण खराब होते.

कोंदणाचे थोडक्यात. सहा पंजे चारांपेक्षा सुरक्षित. प्रिन्सेस (चौकोनी) किंवा पेअर (थेंबासारख्या) हिऱ्याच्या टोकांना इंग्रजी व्ही आकाराचा पंजा हवा, नाहीतर टोक टवका उडून जाते. रोज वापरायची अंगठी २ मिलिमीटरपेक्षा फार बारीक असली तर वाकते आणि हिरे सुटतात. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोने, त्यावर ७५० चा शिक्का असतो. हा कॅरेट शुद्धतेचा, हिऱ्याचा वजनाचा. पांढऱ्या सोन्यावरचा ऱ्होडियमचा मुलामा झिजतो, तो पुन्हा चढवावा लागतो. बोटाचे माप संध्याकाळी घ्या, सकाळच्या गारव्यात बोट आक्रसलेले असते. सगळीकडून हिरे जडवलेल्या अंगठीचे माप नंतर बदलता येत नाही, हेही आधीच विचारात घ्या.

बिलावर हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, दोन दशांशांपर्यंत वजन, रंग, शुद्धता, प्रमाणपत्र क्रमांक, सोन्याची शुद्धता आणि वजन, घडणावळ, हे सगळे वेगवेगळे लिहून घ्या. परत घेण्याची अट तोंडी ठेवू नका : किती टक्के, बिलाच्या रकमेवर की त्या दिवसाच्या भावावर, घडणावळ वजा करून की धरून? आणि दर सहा महिन्यांनी अंगठी कानाशी धरून बोटाने हलकी टिचकी मारा. आतून बारीक टकटक ऐकू आली तर हिरा सैल झाला आहे. पंजे घट्ट करून येईपर्यंत ती डबीतच राहू द्या.

– रत्नपारखीच्या कामातील एक वाचक