गोळ्यांच्या पिशवीतलं पत्र

लातूर,
आषाढ वद्य एकादशी

ती. आई आणि ती. अण्णा यांस,
शि. सा. नमस्कार.

अण्णा, आधी गोळ्या काढून घ्या, मग हे वाचा. मोठ्यानं वाचा. आई चुलीपाशी असेल तर तिला बाहेर बोलवा. मधलं काही गाळायचं नाही. मागं दादाचं पत्र तुम्ही अर्धंच वाचून दाखवलं होतं, ते आई अजून विसरलेली नाही.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणता आणि आईकडे देता, आई विचारते भाजी काय केली, की झालं. निकाल लागल्यापासून चार वेळा ह्याचसाठी फोन लावला आणि चारही वेळा भाजी सांगून ठेवला.

निकालाचं मी "झाले पास" एवढंच बोलले होते. पास झाले हे खरंच आहे. पण दुसऱ्या सेमिस्टरला संख्याशास्त्राच्या पेपरात मला 'पी' आलाय. 'पी' म्हणजे काठावर पास, त्याच्या खाली नापासच. दुसऱ्या कुठल्या विषयात आला असता तर मी एवढं लपवलंही नसतं. पण दोनदा मेडिकलची 'नीट' परीक्षा देऊन, तुमचे तेवढे पैसे घालवून, शेवटी ज्या विषयासाठी "मला हेच शिकायचंय" म्हणून अण्णांशी तोंड वाजवलं, नेमका तोच विषय. अण्णा, त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नव्हता, गोठ्याकडे निघून गेला होता. निकाल बघितला तेव्हा मला पहिल्यांदा तोच गोठा आठवला.

आणि दुसरं. मी पुण्याला चाललेय. दुसऱ्या वर्षाला तिथल्या कॉलेजात प्रवेश घेतलाय. सोमवारी इथल्या कॉलेजातून टीसी काढला, नांदेडला विष्णुपुरीला जाऊन विद्यापीठात मायग्रेशनचा अर्जही भरून आले. त्या दिवशी "मैत्रिणीकडे आहे" म्हणाले होते ते खोटं होतं. आई, रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण पंचमीला आल्यावर रागाव.

कमी मार्क पडले म्हणून पळून चालले, असं गावात कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण तुम्हाला तसं वाटायला नको म्हणून सांगते. इथं संख्याशास्त्राला सर होते ते तासिकेवरचे. जानेवारीत त्यांना दुसरीकडे कायम नोकरी लागली, ते गेले, आणि मग वर्ग झालाच नाही म्हटलं तरी चालेल. पुढच्या दोन वर्षांतही तेच होणार हे दिसतंय. पुण्यात ह्या विषयाचा अख्खा विभाग आहे, शिकवणारे पाच-सहा जण आहेत. शिवाय यूपीएससीची एक परीक्षा असते, इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस म्हणून. पदवीला हा विषय असला की वयाच्या 21 ते 30 पर्यंत देता येते. अण्णा, सरकारी नोकरी आहे, क्लास वन. हे तुम्हाला पटावं म्हणून लिहितेय हे तुम्हाला कळलंच असेल, पण आहे खरं.

सर नव्हते म्हणून 'पी' आला, असंही मी म्हणणार नाही. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली होती, फेरतपासणीही केली. एक मार्क हलला नाही. हलणार कसा? तीन थैल्या, त्यांत लाल-पांढरे चेंडू, एक चेंडू काढला तो लाल निघाला, तर तो दुसऱ्या थैलीतला असण्याची संभाव्यता किती, असा एक प्रश्न होता. माझं उत्तर दोन रीतींनी दोन वेगळं येत होतं. मी तिसऱ्या रीतीनं करायला घेतलं. वेगळं का येतंय ते सापडेपर्यंत मला पुढं जाववेना. सापडलं तेव्हा पाऊण तास गेला होता. पहिल्याच ओळीत पांढरे चार चेंडू मी तीन लिहिले होते. त्या प्रश्नाला पूर्ण मार्क आहेत. त्याच्या पुढची साडेचार पानं कोरी आहेत आणि तपासणाऱ्यानं त्यांच्यावर लाल पेनानं एकेक तिरकी रेघ मारलीय. ती पानं मी किती वेळा बघितली असतील, काय सांगू.

तेव्हा सोसायटीचा ताळेबंद आठवला. चाळीस पैशांचा मेळ लागेना म्हणून अण्णा कंदील लावून रात्रभर किर्द उलगडत बसले होते, आणि आई सारखी "तुमच्या खिशातले टाका चाळीस पैसे आणि झोपा" म्हणत होती. मी तुमच्या पाठीला पाठ लावून झोपले होते. पान उलटलं की तुमची पाठ हलायची. अण्णा, दोष तुमच्यावर ढकलत नाहीये बरं का. उलट ही खोड तुमची आहे म्हणून तिचा मला फार रागही येत नाही. फक्त पेपरात घड्याळ बघायला शिकायला हवं.

हिशोब तुम्हाला हवाच असेल, तो देते. एका सेमिस्टरला 22 क्रेडिट, क्रेडिट म्हणजे कुठल्या पेपराचं वजन किती ते. हा पेपर 4 क्रेडिटचा, 'पी'चे गुण 4. त्या जागी 'बी प्लस' आला असता तर 7. म्हणजे तीन गुण गुणिले चार, बारा गुणांचा फटका, तो 22 नी भागायचा. म्हणून पहिल्या सेमिस्टरला दहापैकी सरासरी 7.64 होते ते दुसऱ्याला 6.86 झाले, नाहीतर 7.41 झाले असते. वर्षाचे मिळून 7.25. एवढंच आहे. हे मी कागदावर मांडलं त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

विद्यापीठ बदललं म्हणून तो 'पी' पुसला जात नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर आई देवापुढं साखर ठेवेल. आता सगळ्यांचं क्रेडिटचं खातं असतं, बारा आकडी नंबरचं, बँकेसारखंच. मिळवलेलं क्रेडिट त्यात जास्तीत जास्त सात वर्षं राहतं आणि दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. निम्मी तरी क्रेडिट जिथून पदवी घ्यायची तिथं मिळवावी लागतात, ती माझी होतात. फक्त इथला एक पेपर तिथल्या अभ्यासक्रमाशी जुळत नाही, तो जास्तीचा द्यावा लागेल. अण्णा, तुमच्या भाषेत सांगायचं तर 'मागील पानावरून' ह्या ओळीत ते 7.25 लिहूनच नवी वही सुरू होईल. प्रवेशाच्या वेळी तिथल्या मॅडमनी विचारलं, "ज्या विषयाला येताय त्यातच कमी?" मी फोटोकॉपी पुढं ठेवली. त्यांनी ते पाऊण तासाचं पान पूर्ण वाचलं. काही म्हणाल्या नाहीत, पण फॉर्मवर सही केली.

आता राहायचं. आई, खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. हे मी लपवणार होते. 93 पासून तू स्लॅबखाली धड झोपलेली नाहीस, मावशीकडेसुद्धा अंगणातच अंथरूण टाकतेस, मला ठाऊक आहे. पण वसतिगृहाची इमारत नवी आहे, माझी खाट दाराजवळ आहे, जिना चार पावलांवर. मी मुद्दाम मागून घेतली. चप्पल खाटेखाली सरळ ठेवते, तू सांगतेस तशी. पाणी रोज येतं, सकाळी आणि संध्याकाळी! इथल्यासारखं नळाची वाट बघत बादल्या मांडून बसायचं नाही. अंगावर पांघरायला तुझी वाकळ नेतेय, तिथं पावसाळ्यातही गार असतं म्हणतात. जेवण मेसचं. एक दिवस जेवून बघितलं. आमटीत गूळ घालतात. तेव्हा येसर आणि शेंगदाण्याची चटणी जास्तच दे, काळ्या तिखटाचा डबाही, मग गूळ असो की काही असो.

पैशाचं म्हणाल तर त्या एफडीला हात लावलेला नाही. कानातलंही कानातच आहे. पहिला हप्ता शिकवणीच्या पैशातून भरला. पुढं कॉलेजात 'कमवा व शिका'मध्ये नाव देणार आहे, ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम असतं. अण्णा, तुम्हाला हे आवडणार नाही. "माझ्या लेकरानं काम करावं एवढी वेळ आली का" असं मनात आणू नका. मला त्या शांत खोलीत बसायलाच आवडतं, पैसे वरचे.

लांब आहे असंही नाही. रात्री लातूरहून मुंबई एक्सप्रेसला बसलं की पहाटे पुणे. तिकडून येतानाही रात्रीचीच गाडी आहे. आईला बरं नाही असा फोन आला तर मी सकाळी लातुरात असेन.

आता तुमचं. बीपीची गोळी सकाळी, साखरेची जेवणाआधी. पुडक्यांवर मी सूर्य आणि ताट काढलंय, चष्मा सापडला नाही तरी कळेल. "आज बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडायची नाही, गोळी घेता म्हणूनच बरं वाटतं. पत्र्यावर चढायचं नाही. गळू दे, खाली पातेलं ठेवा, पंचमीला आल्यावर मी बघते. आई, तुझ्या डोळ्याची तारीख मी घेऊन ठेवलीय, पोळ्यानंतरची. आता आणखी पुढं ढकलायची नाही. त्यासाठी मी चार दिवस सुट्टी काढून येतेय, तेव्हा "माझ्यामुळं तुझी शाळा बुडते" हे ऐकून घेणार नाही. रोज संध्याकाळी सातला फोन करीन. भाजी पण सांगीन.

पेढ्यांचं मात्र एक आहे. दुसऱ्या वर्षाला पुण्यात नंबर लागला म्हणून अण्णा कुणाला पेढे वाटायला निघाले तर आई, त्यांना थांबव. बारावीच्या वेळचं मला अजून आठवतं. ह्या वेळी आधी पेपर होऊ देत.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं येते. अण्णा, फाट्यावर यायला उशीर झाला तरी चालेल, पण रागानं आला नाहीत तर मला कळेल.

औषधांची पावती पिशवीत तळाशी आहे. दुकानदाराकडं सुट्टे नव्हते म्हणून त्यानं दोन चॉकलेटं दिलीत. दोन्ही आईची आहेत.

तुमची,
बबी