खिळ्याला टांगलेला बॅज

मा. संपादक, स.न.

काल पान तीनवर नवीन सी-आर्मच्या, म्हणजे चालू एक्स-रे पडद्यावर दाखवणाऱ्या मशीनच्या, उद्घाटनाची बातमी वाचली. मशीन किती लाखांचं, फीत कुणी कापली, हार, पेढे, सगळं आलं. स्टाफच्या किरण अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनवर, अंगाला किरण किती लागले ते मोजणाऱ्या बॅजवर एक ओळ नाही. फोटोत कुणी एप्रन घातलेला नव्हता ते सोडा, फीत कापताना मशीन बंद असणार एवढं मलाही कळतं.

आमचं सांगते. मागच्या वर्षी सासूबाईंना गिळताना सारखा ठसका लागायचा म्हणून बेरियम स्वॅलो, म्हणजे बेरियमचं पाणी पाजून गिळतानाचा एक्स-रे, करायला सांगितलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, उगाच कशाला. खोलीबाहेरचा, किरण चालू आहेत सांगणारा लाल दिवा बंद. सासूबाईंना धड उभं राहवेना तर आतला मुलगा म्हणतो, "आंटी, आप पकड़ लो ज़रा." धरलं मी, एका हातात त्यांचा दंड, दुसऱ्यात ते खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी आणि अंगावर माझी सुती साडी! डॉक्टर स्वतः एप्रन घालून, पाय पेडलवर, आणि फोनवर साखरपुड्याच्या हॉलचं बोलणं चाललेलं, म्हणजे पाय दाबलेला तोवर किरण चालूच की हो. किरण फार वेळ चालू राहिले म्हणून मशीन पीं पीं करायला लागलं तर त्या मुलानं बटण दाबून गप्प केलं. दुसरा एप्रन होता तिथं, नव्हता असं नाही. चार घड्या घालून स्टुलावर ठेवलेला, बसायला. आणि त्या मुलाचा बॅज भिंतीवर खिळ्याला. विचारलं तर म्हणे, "खो गया तो पैसे कटते हैं."

आमच्या शेजारचे काका आरआरकॅटमधून, म्हणजे इथल्या सरकारी अणुऊर्जा खात्याच्या संशोधन केंद्रातून, रिटायर झालेत, त्यांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. तो टीएलडी बॅज, छातीवर एप्रनच्या आत लावायचा, दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. किरणांच्या डोसची मर्यादा स्टाफला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आपल्यासारख्यांना १. आता खिळ्याचा रिपोर्ट दर वेळी छानच येणार! घडी घातली की एप्रनच्या आतलं शिसं तडकतं हेही त्यांनीच सांगितलं. आणि किरण पेशंटच्या अंगावरून उडून आजूबाजूला पसरतात, अंतर दुप्पट केलं की डोस साधारण पाव होतो. मी तर सासूबाईंना मिठी मारून उभी होते.

माझं जाऊ द्या, एकदा धरल्यानं काही होत नाही म्हणाले काका, आणि टेस्ट गरजेचीच होती. पण तो मुलगा रोज तिथं उभा असतो, पंचविशीचा पण नसेल. कचरा सहा डब्यांत वेगळा करायला शिकलं आपलं इंदूर, नंबर वन, मग एप्रन हँगरला लावायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी फीत कापायला तुमचे बातमीदार गेले की तेवढं विचारा, एप्रन किती आणि टांगलेत कुठं.

आणि हो, रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर दोन आठवडे छापलेलं नाही. आडवा १४ आमच्या भिशीत कुणालाच येत नाहीये.

एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर