रिपोर्ट नीट वाचून दाखवणाऱ्या ताईंना, थँक यू

ताई,

तुमचं नाव टाकलेलं तुम्हाला आवडणार नाही म्हणून नुसतं ताई. परदेशातून दत्तक घ्यायचं सगळं पार पडल्यावर, मुलगा घरी आल्यावर लिहायचं असं ठरवलं होतं, पण अजून तो तिकडे, आम्ही इकडे आणि मध्ये कागदच कागद, त्यामुळे कधी ते देव जाणे. म्हणून आत्ताच लिहून टाकते.

तुम्हाला पहिल्यांदा फोन केला तेव्हा मला फक्त एका दाखल्याचं भाषांतर हवं होतं. बोलता बोलता सहज म्हटलं की मुलाचा रिपोर्ट इंग्लिशमध्ये मिळालाय आणि त्यात तो बोलत नाही असं लिहिलंय. तुम्ही लगेच विचारलंत, मूळ भाषेतला आहे का? होता ना, मागे जोडलेला, पण आम्हाला काय कळणार म्हणून आम्ही ती पानं उलटूनही बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी रात्री तुमचा फोन. "अहो, बोलत नाही असं नाहीये ते, अनोळखी माणसासमोर बोलत नाही असं आहे. आणि पुढचं एक वाक्यच गाळलंय. झोपताना भिंतीकडे तोंड करून स्वतःशी गुणगुणतो."

त्याआधीचे तीन आठवडे आम्ही डॉक्टरांशी दुसरं काही बोललोच नव्हतो, ऐकू येत असेल का, वाचा असेल का, एवढंच. वजन, उंची, डोक्याचा घेर सगळे आकडे ग्राफवर मांडून झाले होते आणि होकार कळवायची मुदत चार दिवसांवर आली होती. आता सगळ्यांना आम्ही सांगतो की होकार तसाही दिलाच असता, पण खरं सांगू का, त्या रात्रीपर्यंत मला खात्री नव्हती. नवऱ्याला पण हे खूप नंतर सांगितलं.

एका गोष्टीवरून मी तुमच्याशी जरा तिरकं बोलले होते, आठवतं का? त्याच्या जन्मदात्या आईबद्दलचा परिच्छेद. मी म्हटलं तो राहू द्या, तेवढं नको. तुम्ही म्हणालात मी रिपोर्टमधलं काही गाळत नाही, आधी एकाने गाळलं त्याचं काय झालं बघितलंत ना. मग शांतपणे समजावलंत की तिने संमती कधी दिली ती तारीख तर बघायलाच हवी, कारण दुसऱ्या देशातून मूल दत्तक घेण्याबद्दलचा जो १९९३चा हेग करार आहे, त्यात आईची संमती मूल जन्मल्यानंतरचीच धरतात, आणि मुलाच्या मूळ घराची माहिती जपून ठेवायची असंही त्यातच आहे. तारीख बरोबर होती. तो परिच्छेद पाच ओळींचा आहे, मी एकदाच वाचलाय आणि एका पाकिटात घालून ठेवलाय. त्यात काय आहे ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे.

स्पेलिंगचं तर सांगायलाच हवं. पासपोर्टवर माझ्या आडनावात एक अक्षर जास्त आणि मॅरेज सर्टिफिकेटवर एक कमी, ते एजन्सीने बघितलं नाही, वकिलांनी नाही, आम्ही तर नाहीच नाही! तुम्ही पकडलंत, तेही अपोस्टिलला, म्हणजे कागद परदेशात चालावेत म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याला, पाठवायच्या आदल्या दिवशी. तसंच पुढे गेलं असतं तर तिकडच्या कोर्टातून अख्खी फाइल परत आली असती. आधीच तोपर्यंत आमचं पोलीस क्लिअरन्स एकदा आणि मेडिकल दोनदा एक्स्पायर होऊन परत काढून झालं होतं, एक कागद आला की दुसऱ्याची मुदत संपलेली, असं ते चक्र.

आता त्या हेग करारातलं आर्टिकल १७ आलंय, म्हणजे दोन्ही देशांच्या अथॉरिटी पुढे जा म्हणाल्यात. आता कोर्टाची तारीख लागायची, मग निकाल, मग दत्तक करारानुसार झालं असं सांगणारं आर्टिकल २३ चं सर्टिफिकेट, मग त्याचा पासपोर्ट, व्हिसा. लोक विचारतात तिकीट कधीचं काढलं, आणि मी दर वेळी नवीन उत्तर देते. (एकदा तर चिडून म्हटलं, तुम्हीच सांगा कधीचं काढू.)

पण या वाट बघण्यात मला करायला काहीतरी तुम्हीच दिलंत. ती त्याच्या भाषेतली अडतीस वाक्यं. मी आपली "आम्ही तुझे आईबाबा, आमचं तुझ्यावर खूप प्रेम आहे" असली यादी पाठवली होती, तर तुम्ही ती बाजूला ठेवून पाणी हवंय का, शू लागली का, कुठे दुखतंय, दिवा चालू ठेवू का, उचलून घेऊ का, हे लिहून दिलंत आणि स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलंत. म्हणालात प्रेमाचं त्याला कळेल नंतर, शू थांबत नाही. त्या रेकॉर्डिंगचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, हिशोबाची चिठ्ठी परत काढून बघितली मी.

रोज रात्री भांडी घासताना मी ती म्हणते. नवऱ्याचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले आहेत, याचा मला थोडा रागच येतो. रिपोर्ट लिहिला तेव्हा मुलगा सव्वादोन वर्षांचा होता, आता तीन पूर्ण होतील, शू लागली का हे वाक्य आमच्या आधीच जुनं होतंय की काय!

आणि हो, फोन बदलला त्यात सतरा नंबरचं वाक्य उडालं. "मी इथेच आहे, झोप" वालं. परत पाठवाल का? आणि शेवटचा शब्द जरा सावकाश म्हणा, तो मला अजून जमत नाहीये.