तुझा पाटा शाबूत आहे

इंदूर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय बाळ्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. ऑगस्टात विश्वामित्री गावात शिरली, टीव्हीवर बडोद्याच्या रस्त्यांत मगरी दिसत होत्या, तेव्हाच फोन करायला हवा होता. दोन दिवसांनी करू म्हटलं. मग वाटलं, आता केला तर ‘आत्ता आठवण झाली का’ म्हणशील. मग गणपती, मग नवरात्र, आणि आता संक्रांत दोन दिवसांवर. तुझ्या शेडमध्ये कमरेइतकं पाणी होतं हे मला मामांकडून कळलं, तेही तेराव्याच्या जेवणात. वेल्डिंग मशीन वाचलं का? मगरीची चौकशी करत नाही. आत आली असती तर तिलाच पश्चात्ताप झाला असता.

आमची तब्येत ठीक. शुगर होती तिथेच आहे. हिचा गुडघा थंडीत बोलतो. झालं.

लिहायचं कारण वेगळंच. परवा एक गोष्ट झाली, ती घरी सांगून पाहिली. ही ‘बरं झालं’ म्हणाली आणि पोहे भिजवायला गेली. चिरंजीवांनी मोबाइलमधून डोकं न काढता अंगठा वर केला. मग लक्षात आलं की हे कळणारा एकच प्राणी आहे आणि त्याच्याशी आपण पाच महिने बोललो नाही.

तर ऐक. राऊच्या पुढे एका शाळेचं बास्केटबॉल कोर्ट. कोर्ट २८ बाय १५ मीटर, भोवती दोन-दोन मीटर मोकळी जागा, म्हणजे ३२ बाय १९. काळी माती काढून मुरूम भरलेला, थर देऊन रोलर मारलेला. वरची लेव्हल मारायचं काम आपल्याकडे. उतार एकाच बाजूला, शंभरात एक. म्हणजे १९ मीटरमध्ये १९ सेंटिमीटर, तेही सरळ, मध्ये पोट नको. रोलर फिरल्यावर डंपीची लेव्हल बघायची दुर्बीण लावली, पाच-पाच मीटरवर मापाचा स्टाफ धरला. पस्तीस जागा. सगळ्यात वाईट जागा आठ मिलिमीटरनं चुकली होती. आठ, बाळ्या! मी तिवई हलवून पुन्हा सगळं वाचलं. पुन्हा आठच. आपण त्या नर्सरीच्या कामात तीन दिवस घालवून पस्तीस-चाळीस मिलिमीटरवर ‘चालतंय’ म्हटलं होतं, आठवतंय ना?

आता हे कशानं झालं ते सांगतो, आणि ओरडायचं नाही. दिवाळीत मी आपल्या पोकलेनला रोटेटर घेतला. जुना आहे, बाहेरून आलेला. किंमत लिहीत नाही, नाहीतर पत्र इथेच टाकशील. बँकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला असतो, एवढं पुरे.

तू व्हिडिओत पाहिला असशील, पण हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आर्मच्या टोकाला, बकेटच्या आधी हे बसतं. बकेट डावी-उजवीकडे साधारण पंचेचाळीस अंश झुकते आणि वर्म गिअरवर गोल फिरते, हवी तितकी, दोन्ही दिशांनी. होज गुंडाळला जात नाही, कारण तेल मधल्या फिरत्या जोडातून जातं. म्हणजे पोकलेनला खांदा आणि कोपर होतं, आता मनगट आलं. १९८० च्या दशकात स्वीडनवाल्यांनी हे काढलं आणि आज तिकडे बहुतेक एक्सकॅव्हेटरना हे असतंच. आपल्याकडे सत्तरच्या दशकात लार्सन टुब्रोनं फ्रान्सच्या पोकलेनबरोबर मशीन काढली, तेव्हापासून सगळ्याच मशीनला आपण पोकलेन म्हणतो आणि तेव्हापासून मनगटाशिवायच खोदतो.

तुला आठवत असेल, लेव्हल मारताना आपली खरी अडचण काय होती. मशीन वाकडी उभी असली की बकेटची धारही तितकीच वाकडी. म्हणून मशीन चालवणारा आपला उस्ताद आधी स्वतःला उभं राहायला गादी करायचा, काम करायचा, मग मागे सरकताना ती गादी मोडायचा. अर्धं डिझेल त्या गादीत जायचं. आता एक ट्रॅक भरावावर, एक खाली, मशीन दारू प्यायल्यासारखी कललेली, आणि खाली धार मात्र शंभरात एकवर धरलेली. भिंतीच्या कडेनं जायचं तर बकेटच्या जागी लावलेला लेव्हलचा पाटा फिरवून भिंतीला समांतर लावायचा. तिरका लावला की जास्तीचा मुरूम ग्रेडरच्या ब्लेडसारखा एका बाजूला वळत जातो. मी पहिल्या दिवशी खुर्ची टाकून नुसता बघत बसलो होतो.

आणि पाटा कुठला? तुझा! दीडशेच्या गर्डरचा, दीड मीटरचा, तू २०१२ च्या उन्हाळ्यात तोंडाला गमछा बांधून केलेला. कडुनिंबाखाली पडला होता, त्यावर कोंबड्या बसायच्या. रोटेटरबरोबर तयार लेव्हलिंग बीमही घ्या म्हणत होते. त्याचा भाव ऐकला आणि सरळ घरी येऊन कोंबड्या उडवल्या. फक्त कान नवे लावले, पिन-बुशच्या मापाचे.

आता धारेचा विषय आलाच आहे तर कबूल करून टाकतो. तू गेल्यावर मी तिला ट्रकचा कमानपाटा वेल्ड केला होता. तू सांगितलं होतंस, तापवल्याशिवाय वेल्ड करू नको. मी तापवला नाही. वर भर पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड वापरले. तीन दिवस छान चालला, चौथ्या दिवशी टणकन आवाज. वेल्ड तसाच्या तसा, आणि त्याच्या अगदी शेजारून कमानपाटा चिरलेला, जणू कोणी पट्टी लावून रेघ मारली. तुला कळवलं नाही, कारण तू ‘मी सांगितलं होतं’ हे तीन शब्द इतके हळू म्हणतोस की त्यापेक्षा मार परवडतो. आता ग्रेडरची अर्धी झिजलेली धार भंगारातून आणली आहे. तिला भोकं असतातच, गर्डरला भोकं पाडून बोल्टनं कसली. झिजली की उलटी करून लावायची. हेही तूच सांगितलं होतंस. बरं.

उस्तादचं ऐक. पहिल्या दिवशी रोटेटरकडे बघून म्हणाला, “ये झुनझुना किसने लटकाया?” दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चिरंजीव सीटवर बसले, व्हिडिओ गेमवर वाढलेलं पोर, अंगठ्यानं बटण दाबून झुकवायला-फिरवायला लागलं. उस्तादनं ते पाहिलं, विडी विझवली आणि त्याला कॉलर धरून खाली उतरवलं. आमच्या रोटेटरला तेलाची एकच लाइन, बटणानं झुकणं नाहीतर फिरणं, एका वेळी एकच. उस्तादला ते सोपं गेलं. फक्त बकेट आता पूर्वी जात नव्हती तिथे जाते हे विसरला आणि दुसऱ्याच तासाला बूमवरचा दिवा फोडला. मला म्हणाला, दिवा चुकीच्या जागी होता.

तोटेही आहेत, लपवत नाही. शंभर-सव्वाशे किलो वजन आर्मच्या टोकाला लटकलं, वर दीड वीत लांबी वाढली. मुरमाचा कडक थर आला की बकेटच्या दाताला पूर्वीचा जोर नाही. आडव्या बाजूला हात पूर्ण लांब केला की पावणेतीन टनाची मशीन मागचा ट्रॅक उचलायला बघते. म्हणून खोदाईला उतरवतो, लेव्हलला चढवतो. आणि ग्रीस! तुझ्या बहिणीच्या सासूला औषधं लागत नाहीत इतक्या वेळा याला ग्रीस लागतं.

पण हे सगळं सोड. मला झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं.

शाळेचं काम मी अडीच दिवसांचं धरलं होतं, ते एका दिवसात झालं. सेक्रेटरी आले, बघितलं, बूट आपटून पाहिला, खूश झाले. मग म्हणाले, “इतनी जल्दी? तो बिल भी आधे से कम होगा ना भिया?” बरोबरच बोलले. आपण तास विकतो. लेव्हल विकतच नाही. आठ मिलिमीटर ही माझी हौस, त्यांच्या लेखी आवरमीटरवर आठ तास. स्वीडनमध्ये माणसाचा तास महाग, तिथे मनगटानं फावडेवाले वाचले की मालकाला फायदा. इथे चार बेलदार दिवसभर घमेली टाकतील त्याला मी वाचवतोय काय, आणि वाचलेला पैसा जातोय कोणाच्या खिशात? हप्ता मी भरतोय, वेळ त्यांचा वाचतोय. तुझ्या भंगाराच्या पाट्यानंच अर्ध्याहून जास्त काम व्हायचं, त्याला हप्ता नव्हता.

आता पुढचं लिहायचं म्हणूनच एवढं फिरून आलो.

गुरुवारी बिचोलीकडे एका फार्महाउसचा रस्ता होता. दोन दिवस सांगितलं होतं, दुपारी दोनला संपला. मालक गावात, मीटर संध्याकाळी बघणार. मी उस्तादला म्हटलं, चाय पी लो, मशीन चालू रहने दो. मी केबिनच्या दारात उभा राहून मीटर बघत होतो. मीटरचं शेवटचं आकड्याचं चाक सहा मिनिटांनी एक घर सरकतं. पहिलं घर सरकलं तेव्हा मी इकडेतिकडे बघितलं. चौथ्या घराला काही वाटेनासं झालं. तेवढ्यात उस्ताद आला, माझ्या काखेखालून हात घातला आणि चावी फिरवली. “डिझल जल रहा है, सेठ.” माझ्याकडे बघितलंही नाही. गेला, त्याच कपातला उरलेला चहा प्यायला.

बाळ्या, २०१० ला तू त्या धार गावच्या पोराला याच गोष्टीसाठी हाकललं होतंस. पार्टीच्या बिलातून तास कापलेस आणि ते आपल्या दोघांच्या हिश्शातून गेले. मी माझा अर्धा भाग मागितला. ‘अर्ध्या तासासाठी हरिश्चंद्र होतोस’ असं तुला चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणालो. त्यानंतर आठ महिने आपण बोललो नाही. तुला वाटत असेल मी विसरलो. गुरुवारी संध्याकाळी ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येत होतं.

बिलातून चार घरं काढली. उगाच कौतुक करू नकोस. बिल लिहिताना उस्ताद शेजारी बसला होता, म्हणून काढली.

आता तूच सांग. चौरस मीटरनं भाव द्यावा असं वाटतं. इतका उतार, इतक्या मिलिमीटरच्या आत, इतके पैसे, मग मी एका दिवसात करीन नाहीतर पाच दिवसांत. पण खाली काय निघेल कोण सांगणार? काळ्या मातीचा एखादा खड्डा राहून गेला, जुन्या विहिरीचा काठ लागला, तर तो माझ्या गळ्यात. तासात निदान जमिनीचा धोका जमिनीच्या मालकाकडे राहतो. आणि इथे पार्टीला ‘मीटरला किती’ सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘तास का क्या लोगे?’ तुझं फॅब्रिकेशन तर किलोवर चालतं. तू चांगलं वेल्ड केलंस म्हणून किलोला जास्त देतं का कोणी? कसं पटवतोस लोकांना? की तूही नुसता वजन करून देतोस आणि रात्री जागतोस?

सायलीच्या ॲडमिशनचं झालं का? एम. एस. युनिव्हर्सिटीमध्येच मिळाली म्हणतात, पेढे पाठवले असतेस तर बरं झालं असतं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी? आमच्या हिला तारीख कळव, ती येईन म्हणते आहे. शेडचा विमा मिळाला नसेल तर ते कागद मला पाठव, इथला एजंट चिकट आहे, कामाचा आहे.

मार्चमध्ये ये. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री खायला जाऊ, तुझी डंपीची ती जुनी पितळी पाणसळही माझ्याकडेच आहे, भांडून घेऊन जा. आणि चौरस मीटरचं उत्तर फोनवर नको, लिही. फोनवर तू हसतोस.

पाट्याची धार डावीकडून दोन सूत जास्त झिजली आहे. मी म्हटलं राहू दे. उस्ताद म्हणतो, बाळूसेठ को बताना. म्हणून सांगितलं.

तुझा,
नाना