भाकितासोबत प्रगतिपुस्तकही छापा

महोदय,

महापूर असो, साथ असो की निवडणूक, ‘गणिती मॉडेलनुसार’ म्हटले की भाकिताला वजन येते. पण गणित अचूक असले म्हणून भाकीत खरे ठरतेच असे नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ उर्बें ल व्हेरिए यांनी युरेनसच्या कक्षेतील गडबडीवरून न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली आणि १८४६ मध्ये नेपच्यून तिथून एक अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतील फरकासाठी त्याच माणसाने, त्याच रीतीने आणखी एक ग्रह सुचवला, ‘व्हल्कन’. काहींनी तो पाहिल्याचेही सांगितले (उत्साह माणसाला काय काय दाखवतो!), पण तो नव्हताच. बुधाजवळ न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा पडत होता, हे १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवले.

मॉडेल जुन्या माहितीशी तंतोतंत जुळते, या कौतुकात तर मुळीच दम नाही. पुरेसे घटक घुसवले की वक्ररेषा हव्या त्या बिंदूंतून नेता येते. मॉडेलला न दाखवलेल्या माहितीवर ते टिकले का, हे विचारायला हवे. ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ हे एका कोरड्या दिवसावरून खोटे ठरत नाही; असे सांगितलेल्या शंभर दिवसांपैकी साधारण सत्तर दिवस पाऊस पडला का, ते पाहावे लागते.

भाकिताची बातमी देताना किमान-कमाल मर्यादा, मुख्य गृहीतके आणि त्याच मॉडेलची मागची कामगिरी आपण छापावी. सध्या मधला एकच आकडा मथळ्यात जातो.

– एक वाचक