शाळेचे अंदाजपत्रक करार वाचून व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली की खासगी शिक्षणसंस्थांच्या कार्यालयांत पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाची लगबग सुरू होते. बहुतेक ठिकाणी गतवर्षीच्या आकड्यांवर ठरावीक टक्के वाढ धरली जाते आणि कार्यकारी मंडळाच्या बैठकीत फारशी चर्चा न होता ते मंजूर होते. मी अनेक वर्षे शिक्षणसंस्थांच्या हिशेबाचे काम केले असल्याने या पद्धतीतील एक गंभीर उणीव आपल्या वाचकांपुढे, विशेषतः विश्वस्त आणि पालक-प्रतिनिधींपुढे, मांडावीशी वाटते. सफाई, सुरक्षारक्षक, विद्यार्थी-वाहतूक, संगणक कक्ष, शुल्कभरणा आणि निकालाचे सॉफ्टवेअर असा वेतनेतर खर्चाचा मोठा भाग आता करारांनी बांधलेला असतो. पण अंदाजपत्रक तयार करताना ते करार कपाटातून बाहेर काढून कोणी वाचत नाही.

विनाअनुदानित शाळेचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 नुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते. म्हणजे उत्पन्नाची बाजू दोन वर्षे गोठलेली असते. याउलट सफाईच्या तीन वर्षांच्या करारात ‘दरवर्षी दहा टक्के दरवाढ’ असे एक वाक्य सहज घातलेले आढळते. पहिल्या वर्षी 12 लाख रुपये असणारा खर्च तिसऱ्या वर्षी 14 लाख 52 हजारांवर जातो आणि तो भागवण्यासाठी ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेच्या तरतुदीला हात लावला जातो. शुल्काचा प्रस्ताव समितीपुढे ठेवतानाच चालू करारांमधील दरवाढीचा तक्ता सोबत जोडला, तर ही ओढाताण टळू शकते.

शाळा आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात चालवणाऱ्या संस्थांना आणखी एक गोष्ट भोवते. पूर्वप्राथमिक ते बारावीपर्यंतच्या शाळांना दिलेल्या सुरक्षा, सफाई, विद्यार्थी-वाहतूक आणि भोजन या सेवांवर वस्तू व सेवा कर लागत नाही. महाविद्यालयांना मात्र ही सवलत नाही. संस्था जर दोन्हींसाठी एकच करार करून एकच बिल घेत असेल, तर एकतर शाळेच्या वाट्यावर विनाकारण 18 टक्के भरले जातात, नाहीतर महाविद्यालयाच्या वाट्याचा कर अंदाजपत्रकात धरायचाच राहून जातो. पदवीचे शिक्षण स्वतः करमुक्त असल्याने भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. दोन स्वतंत्र करार आणि दोन स्वतंत्र बिले, एवढाच यावरचा साधा उपाय आहे.

सर्वांत मोठी जोखीम मात्र कंत्राटी मनुष्यबळाची आहे. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी अखेर काम करवून घेणाऱ्या संस्थेवर येते, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून प्रस्थापित आहे. भविष्य निर्वाह निधीचेही तसेच. तरीही दरमहा बिलासोबत येणारे निधीचे चलन लिपिक केवळ ‘जोडले आहे’ अशी खूण करून फायलीत लावतो. ते चलन उघडून पाहावे. त्यावर पुष्कळदा ठेकेदाराच्या सगळ्या ठिकाणच्या कामगारांची एकत्रित रक्कम असते आणि आपल्या आवारात रोज झाडू मारणाऱ्या बाईंचे नाव सोबतच्या यादीत आहे की नाही, हे त्या एका आकड्यावरून कळतच नाही. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेत हजेरीपट आणि ही यादी समोरासमोर ठेवली तेव्हा काही नावे जुळली नाहीत. बिले मात्र पूर्ण संख्येची चुकती झालेली होती. म्हणून ‘हजेरीपटानुसार नावनिशी यादी आणि बँकेतून वेतन जमा झाल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय पुढील देयक अदा होणार नाही’ अशी अट करारातच हवी. वर्षाच्या शेवटी तक्रार करून उपयोग होत नाही, कारण तोवर ठेकेदाराची अडकवून ठेवण्यासारखी रक्कम आपल्या हाती उरलेली नसते.

बदलापूरची ऑगस्ट 2024 मधील घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या प्रकरणातील आरोपी हा ठेकेदारामार्फत शाळेत आलेला सफाई कर्मचारी होता. मुलांच्या सुरक्षिततेचे कर्तव्य कंत्राट देऊन दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही, हे लक्षात ठेवून पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाल्याशिवाय कोणालाही आवारात प्रवेश नाही, बदली कर्मचारी पाठवायचा तर आधी लेखी कळवायचे, मुलींच्या स्वच्छतागृहांची व्यवस्था महिला कर्मचाऱ्यांकडेच, या बाबी करारात स्पष्ट शब्दांत लिहिल्या पाहिजेत आणि त्यासाठी येणारा जादा खर्च अंदाजपत्रकात उघडपणे दाखवला पाहिजे. सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारताना तो ठेकेदार या अटी त्या दरात पाळूच शकणार नाही, हे उघड दिसत असेल, तर ती बचत खरी नव्हे. किमान वेतन आणि निधीचा मालक-हिस्सा यांची बेरीजही ज्या दरात बसत नाही, ते दरपत्रक उघडतानाच बाजूला ठेवावे.

उत्पन्न वाढवण्यासाठी मैदान किंवा सभागृह भाड्याने देणाऱ्या संस्थांनीही सावध राहावे. सार्वजनिक न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्या परवानगीविना केलेल्या कराराचे भाडे पुढील पाच वर्षांच्या उत्पन्नात धरणे धोक्याचे आहे.

जमेच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. शिक्षणहक्क कायद्याखालील 25 टक्के प्रवेशांची शुल्क-प्रतिपूर्ती राज्यात प्रतिविद्यार्थी 17,670 रुपये या दराने धरली जात आली आणि ती वर्षानुवर्षे थकत असल्याची संस्थाचालकांची तक्रार रास्त आहे. परंतु ही थकबाकी यंदाच हाती येईल असे धरून ठेकेदारांशी मासिक देण्याचे करार करणे चुकीचे आहे. येणे रक्कम ताळेबंदात अवश्य दाखवावी. दरमहाचा खर्च मात्र प्रत्यक्ष जमा होणाऱ्या पैशांवरच बेतावा.

शालेय शिक्षण विभागाने सफाई, सुरक्षा आणि वाहतूक या तीन सेवांसाठी मराठीतील नमुना करारनामे प्रसिद्ध करावेत, अशी माझी विनंती आहे. लहान गावातील संस्थेला वकिलाकडून असा मसुदा करून घेणे परवडत नाही आणि ती ठेकेदाराने छापून आणलेल्या कागदावरच सही करते. तोवर प्रत्येक संस्थेने चालू करारांची एक नोंदवही तरी ठेवावी. तीत कराराची मुदत, दरवाढ, अनामत रक्कम आणि करार संपवण्यासाठी द्यावयाच्या सूचनेची शेवटची तारीख लिहिलेली असावी आणि अंदाजपत्रकाच्या बैठकीत ती पालक-प्रतिनिधींसमोर वाचली जावी. ‘नव्वद दिवस आधी न कळवल्यास करार आपोआप पुढे चालू राहील’ हे कलम असलेले करार जूनमध्ये संपत असतील, तर त्यांचा निर्णय मार्चच्या याच बैठकीत घ्यावा लागेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल, सातारा